गेमचं यंत्र : खोक्यात काय, खोक्याबाहेर काय

आज एका अशा वस्तूबद्दल बोलायचं आहे, जी आपल्यापैकी बहुतेकींनी हातात घेतलेली नाही, पण जिची मागणी घरात कधीही येऊ शकते. मोबाइलवरची जाहिरात चिखली-खामगावात दिसते तशीच आपल्या गावातही दिसते. एखाद्या संध्याकाळी मुलगा किंवा मुलगी म्हणते, "आई, मला गेम पाहिजे. मोबाइलमधला नाही, टीव्हीला जोडायचा. पन्नास-पंचावन्न हजाराला येतो. हप्त्यावर मिळतो." मग ही गोष्ट बचत गटाच्या बैठकीत पोहोचते. ताई म्हणते, "मला अंतर्गत कर्ज पाहिजे, पंचावन्न हजार."

आपण विचारतो, फेडणार कशी? हा प्रश्न बरोबरच आहे. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. पंचावन्न हजारात ती वस्तू घरात चालू होते का? त्याचं उत्तर आज हिशेबासकट बघू. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

खेळ वाईट की चांगला, यावर मी बोलणार नाही. आपल्या लहानपणी आपण सागरगोटे आणि लगोरी खेळलो, आताची मुलं पडद्यावर खेळतात. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावं. पण घेण्याआधी पूर्ण किंमत कळली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

बोअर घेतल्यासारखं

या यंत्राला गेम कन्सोल म्हणतात. सोनी कंपनीचं प्लेस्टेशन आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीचं एक्सबॉक्स ही त्यातली मोठी नावं. दिसायला तो एक डबा असतो. त्याला स्वतःचा पडदा नसतो, तो टीव्हीला जोडायचा. हातात धरायला बटणांचा एक रिमोट असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात.

आता शेतातल्या बोअरची आठवण करा. बोअरवाला सांगतो, फुटाला इतका भाव. आपण तेवढ्याच पैशाची सोय करतो. पाणी लागलं की केसिंग पाईप येतो, मग मोटार, केबल, स्टार्टर, वर आणायचा पाईप, शेवटी विजेचं कनेक्शन. बोअरवाला खोटं बोलला नाही. त्याने भोक पाडण्याचा भाव सांगितला होता, आपल्याला पाहिजे होतं पाणी. भोक आणि पाणी यांच्यामधला खर्च आपला आपणच ओळखायचा असतो.

गेमच्या यंत्राचंही तसंच आहे. दुकानदार डब्याचा भाव सांगतो आणि मुलाला पाहिजे असतो खेळ. मधला खर्च कोणता, तो एकेक करून बघू.

खोक्यात काय असतं

प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीला आलं. त्या दिवशी चकतीवाल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनचकतीच्या यंत्राची ३९,९९०. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्हींच्या किमती पाच-पाच हजारांनी वाढल्या. एप्रिल २०२४ मध्ये त्याचं बारीक अंगाचं नवं यंत्र आलं, तेही ५४,९९० आणि ४४,९९० या भावाने.

खोक्यात मिळतं ते असं : यंत्र, एक कंट्रोलर, टीव्हीला जोडायची एक एचडीएमआय वायर, विजेची वायर आणि कंट्रोलर चार्ज करायची वायर. शिकवण्यापुरता एक छोटा खेळ यंत्रात आधीच भरलेला असतो. काही खोक्यांत एखादा मोठा खेळ सोबत देतात, पण तसं खोक्यावर लिहिलेलं असलं तरच.

खोक्याबाहेर काय लागतं

पहिला खर्च टीव्हीचा. यंत्राची वायर टीव्हीच्या मागच्या चपट्या खाचेत जाते. आपल्याकडे जुना, मागून फुगलेला टीव्ही असेल आणि त्याला फक्त लाल, पांढरी, पिवळी अशी तीन गोल भोकं असतील, तर ही वायर त्यात बसत नाही. सिग्नल बदलणारी डबी बाजारात मिळते, पण मग चित्र इतकं अंधूक येतं की बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणजे नवा टीव्ही आलाच. म्हणून दुकानात जाण्याआधी घरच्या टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्यावा.

दुसरा खर्च दुसऱ्या कंट्रोलरचा. खोक्यात कंट्रोलर एकच असतो. घरात दोन भावंडं असली की एक खेळणार आणि दुसरं बघत बसणार, मग रोजची भांडणं. प्लेस्टेशन ५ भारतात आलं तेव्हा जास्तीच्या एका कंट्रोलरची किंमत ५,९९० रुपये होती. शिवाय कंट्रोलर ही झिजणारी वस्तू आहे. त्यावरची अंगठ्याने फिरवायची काडी कालांतराने सैल होते आणि हात न लावताही आपोआप सरकायला लागते. मग दुरुस्ती किंवा नवा कंट्रोलर. एक्सबॉक्सचा कंट्रोलर तर दोन पेन्सिल सेलवर चालतो. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी हवी असेल, तर ती सहसा वेगळी विकत घ्यावी लागते.

तिसरा खर्च खेळांचा, आणि हा सगळ्यांत मोठा. यंत्र म्हणजे रिकामं ताट, जेवण वेगळं घ्यायचं. प्लेस्टेशन ५ सोबत आलेल्या मोठ्या खेळांपैकी काहींची किंमत एकेका खेळाला ४,९९९ रुपये होती. काही खेळ फुकटही मिळतात, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

इथे एक बारकावा समजून घ्या. बिनचकतीचं यंत्र स्वस्त असतं, म्हणून आपला हात तिकडे वळतो. पण चकतीवर घेतलेला खेळ मित्राला उसना देता येतो, अर्ध्या किमतीत जुना मिळतो, खेळून झाल्यावर विकता येतो. बिनचकतीच्या यंत्रात हे काहीच होत नाही. प्रत्येक खेळ कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच घ्यायचा आणि तो ना विकता येत, ना कुणाला देता येत. दोन-तीन वर्षांत ते वाचलेले पैसे हळूहळू परत जाऊ शकतात.

चौथा खर्च इंटरनेटचा. आजचे मोठे खेळ ५० ते १०० जीबीचे असतात. आपल्या मोबाइलच्या पॅकमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी मिळतात. रोज दोन जीबीच्या हिशेबाने १०० जीबीचा एक खेळ उतरवायला ५० दिवस लागतील, तेही घरात दुसऱ्या कुणी मोबाइल वापरला नाही तर. चकती आणली तरी सुटका नाही, कारण बहुतेक खेळांच्या दुरुस्त्या नंतर इंटरनेटवरूनच उतरवाव्या लागतात. म्हणजे घरात ब्रॉडबँडची जोडणी हवी, आणि ती आपल्या गावात मिळते का, हे आधी बघायला हवं.

पाचवा खर्च वर्गणीचा. विकत घेतलेला खेळ घरात एकट्याने खेळायला वर्गणी लागत नाही. पण तोच खेळ इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या मित्राबरोबर खेळायचा असेल, तर बहुतेक विकतच्या खेळांना कंपनीचं सदस्यत्व घ्यावं लागतं. २०२२ मध्ये प्लेस्टेशनचं सगळ्यांत साधं सदस्यत्व भारतात महिन्याला ४९९ रुपये होतं. वर्षभराचं एकदम घेतलं तर स्वस्त पडतं, पण तेवढे पैसे एकदम भरावे लागतात.

सहावा खर्च जागेचा. ही जागा घरातली नाही, यंत्राच्या पोटातली. मायक्रोसॉफ्टचं स्वस्त यंत्र, एक्सबॉक्स सिरीज एस, नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात ३४,९९० रुपयांना आलं. त्यावर ५१२ जीबी असं लिहिलेलं, पण यंत्राच्या स्वतःच्या कामाला जागा गेल्यावर खेळांसाठी साधारण ३६४ जीबीच उरतात. त्यात चार-पाच मोठे खेळ बसतात. सहावा आला की एक पुसायचा, नाहीतर जास्तीची साठवण वेगळी विकत घ्यायची. पुसलेला खेळ पुन्हा खेळायचा तर पुन्हा इंटरनेट.

सातवा खर्च विजेचा. असं यंत्र मोठा खेळ चालू असताना साधारण २०० वॅट वीज घेतं. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला १८ युनिट होतात, टीव्हीचे युनिट वेगळे. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढच्या युनिटला दर बराच जास्त लागतो, हे आपल्याला माहीत आहे. ज्या घराचं बिल ९५ युनिटवर थांबत होतं, तिथे हे युनिट महागड्या दरात जातील. आणि आपल्याकडे वीज कशी येते-जाते ते मी सांगायला नको. चालू यंत्राची वीज अचानक गेली तर आत साठवलेलं बिघडू शकतं. म्हणून स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टरचा विचारही याच हिशेबात करावा.

फुकट खेळ आणि आतली दुकानदारी

आता फुकटच्या खेळांबद्दल. ते खरंच फुकट उतरवता येतात आणि बहुतेकांना ती महिन्याची वर्गणीही लागत नाही. पण खेळाच्या आत दुकान असतं. तिथे पोशाख, हत्यारं, नाणी विकायला असतात. रुपयांऐवजी खेळातली नाणी वापरायला लावतात, त्यामुळे नेमके किती रुपये गेले ते लहान मुलाच्या लक्षात येत नाही. जत्रेत आकाशपाळण्यावर बसायला फुकट आणि मधेच थांबवून "वरून गाव बघायचं तर दहा रुपये" असं म्हटल्यासारखं हे आहे.

यावर उपाय आहे. यंत्र चालू करताना मुलासाठी लहान मुलाचं वेगळं खातं उघडा आणि मोठं खातं आईच्या किंवा वडिलांच्या नावावर ठेवा. मोठ्या खात्यातून मुलाच्या खर्चाची महिन्याची मर्यादा ठरवता येते, ती शून्यही ठेवता येते. दुकानदाराकडूनच हे करून घ्या आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवा.

वर्गणीबाबत आणखी एक गोष्ट. कार्ड एकदा जोडलं की वर्गणी दर महिन्याला आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा आपोआप कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने निरोप पाठवायचा असतो, आणि तो निरोप आला की कपात थांबवताही येते. पण बँकेत नोंदवलेला मोबाइल मुलाच्याच हातात असेल, तर निरोप त्यालाच येणार. म्हणून आपल्या खात्याचा नंबर आपल्याच मोबाइलला जोडलेला असावा.

कंपनी असं का करते

मैत्रिणींनो, हा सगळा खर्च यंत्राबाहेर का, यालाही कारण आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक आणि अॅपल या दोन कंपन्यांचा खटला चालू होता. त्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी साक्ष दिली की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. मग कंपनी जगते कशावर? यंत्र घरात गेलं की पुढे वर्षानुवर्षं विकले जाणारे खेळ, वर्गणी आणि सोबतचं सामान यांवर. दुसऱ्या कुणी बनवलेला खेळ विकला गेला, तरी त्यातला वाटा यंत्रवाल्या कंपनीला मिळतो.

आपल्या ओळखीची उदाहरणं आहेत. कॉम्प्युटरचा प्रिंटर स्वस्त मिळतो, शाई महाग. गॅसचं कनेक्शन एकदा मिळतं, सिलिंडर दर वेळी भरावा लागतो. आपल्यापैकी कितीतरी जणींना कनेक्शनचं ओझं वाटलं नाही, सिलिंडरचं वाटलं. म्हणून अशी कुठलीही वस्तू घेताना मनात एक प्रश्न ठेवावा : विकणाऱ्याची कमाई आज होणार आहे की उद्यापासून सुरू होणार आहे? उद्यापासून असेल, तर आजची किंमत ही फक्त दाराची किंमत आहे.

चला, बेरीज करू

आता पेन्सिल घ्या. मी जे भाव सांगितले ते वेगवेगळ्या वर्षांचे आहेत. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानात विचारून आकडे बदला. हिशेबाची रीत मात्र हीच ठेवा.

चकतीवालं यंत्र ५४,९९० रुपये. दुसरा कंट्रोलर ५,९९०. झाले ६०,९८०. दोन खेळ, प्रत्येकी ४,९९९, म्हणजे ९,९९८. बेरीज ७०,९७८. वर्षाची वर्गणी, महिन्याला ४९९ प्रमाणे ५,९८८. बेरीज ७६,९६६. ब्रॉडबँड महिन्याला ५०० रुपये धरू, वर्षाचे ६,०००. बेरीज ८२,९६६. टीव्ही जुना असेल तर नवा समजा १५,००० चा. बेरीज ९७,९६६.

आता कर्जाचं व्याज. गटाचं व्याज महिन्याला शेकडा २ धरू. ५५,००० रुपये बारा महिन्यांत सारख्या मुद्दलाने फेडले आणि उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलं, तर वर्षाचं व्याज ७,१५० रुपये होतं. सगळी बेरीज १,०५,११६ रुपये. वीज, स्टॅबिलायझर आणि खेळाच्या आतली खरेदी यात धरलेलीच नाही.

हे आपल्या मालात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. त्या भावाने खोक्यावरच्या किमतीला सव्वादहा क्विंटल सोयाबीन लागतं. घरात चालू झालेल्या यंत्राला जवळजवळ वीस क्विंटल. एकरी सहा क्विंटल धरले तर सव्वातीन एकरांचं पीक, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, मळणी वजा केलेली नाही. बाजारात हमीभाव मिळाला नाही तर आणखी जास्त.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण हसत हसत वापरतो. इथे मसाला कोंबडीइतकाच पडतोय. आणि कर्ज काढलं ते फक्त कोंबडीचं. राहिलेले पन्नास हजार येणार कुठून? ते येतात पेरणीसाठी ठेवलेल्या पैशातून, मुलीच्या फीमधून, नाहीतर सावकाराकडून. गटाचं कर्ज थकतं ते कित्येकदा वस्तू महाग होती म्हणून थकत नाही. वस्तूच्या मागून आलेला खर्च कुणी मोजलेला नसतो, म्हणून थकतं.

शून्य टक्क्याचा हप्ता

दुकानात पाटी असते, "शून्य टक्के व्याज". सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट खरी नसते, व्याजाची रक्कम बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवलेली असते. म्हणून हप्त्यावर घेताना तीन आकडे कागदावर मागा. रोख घेतलं तर किती? हप्त्यावर एकूण किती? फी, विमा आणि त्यावरचा कर धरून पहिल्या दिवशी किती भरायचे? रोखीला सूट मिळते आणि हप्त्याला मिळत नाही, असं दिसलं, तर ती सूट म्हणजेच व्याज समजायचं.

दुकानात आपला हक्क

२०२१ मध्ये ही यंत्रं कमी आणि घेणारे जास्त होते. तेव्हा आपल्या देशातल्या काही दुकानांनी अट घातली की सोबत खेळ आणि जास्तीचं सामान घ्या, तरच यंत्र देऊ. असा अनुभव कुठल्याही वस्तूत येऊ शकतो. खताच्या दुकानात येतो, तसा इथेही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे एक वस्तू द्यायला दुसरी वस्तू घेण्याची सक्ती करणं ही प्रतिबंधित व्यापारी प्रथा आहे, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करता येते.

खोक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, सगळे कर धरून असते. त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटी कुणाची, कंपनीची की दुकानाची, हे विचारा. परदेशातून कुणीतरी आणलेलं यंत्र स्वस्त मिळालं, तरी त्याची वॉरंटी इथे चालेल की नाही, याची खात्री आधी करा.

ऑनलाइन घेणार असाल तर पैसे भरण्याआधी शेवटचं पान नीट वाचा. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन युक्त्यांना मनाई केली. न विचारता आपल्या टोपलीत एखादी वस्तू किंवा विमा टाकणं, सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं, वर्गणी सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं, या सगळ्या त्यात आहेत. असं दिसलं तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्याने भागलं नाही तर बुलढाण्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

मुलाला पार्लर टाकायचं असेल तर

कधी कर्जाची मागणी वेगळ्या कारणाने येते. मुलगा म्हणतो, "तालुक्याच्या गावी खोली घेतो, दोन यंत्रं ठेवतो, तासाचे पैसे घेतो." धंद्याची इच्छा चांगली आहे, तिला लगेच नाही म्हणू नका. पण हिशेब हाच, फक्त मोठा. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र टीव्ही, निदान दोन कंट्रोलर आणि एक जास्तीचा, कारण सार्वजनिक वापरात ते लवकर झिजतात. खोलीचं भाडं आणि डिपॉझिट, व्यापारी दराचं मीटर, इन्व्हर्टर, उन्हाळ्यात यंत्र तापू नये म्हणून हवा, खुर्च्या. दर दोन-तीन महिन्यांनी नवे खेळ, नाहीतर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. मुलाला सांगा, हा सगळा कागद करून गटासमोर ये. तासाला किती रुपये आणि दिवसाला किती तास भरले की हप्ता निघेल, ते त्याने स्वतः सांगावं. ज्याने हा कागद मन लावून केला, त्याला कर्ज देताना गटालाही धीर येतो.

गटाने काय करावं

१९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिथे शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून माल एकत्र घ्यायला सुरुवात केली. एकटी बाई दुकानात गेली तर दुकानदार सांगेल ते ऐकते, दहा जणी मिळून हिशेब करून गेल्या तर दुकानदार ऐकतो. आपले बचत गटही हेच करू शकतात. गट पैसे साठवतो आणि देतो, तसा खरेदीचा हिशेबही गटात तपासता येतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. वस्तूसाठी कर्ज मागणाऱ्या प्रत्येक ताईकडून गटाने एका कागदावर सहा प्रश्नांची उत्तरं घ्यावीत. एक, खोक्यात काय काय येतं? दोन, पहिल्या दिवशी वस्तू चालू व्हायला आणखी काय घ्यावं लागेल? तीन, दर महिन्याला तिच्यावर किती खर्च येईल? चार, तिचा कोणता भाग झिजतो आणि तो कितीला मिळतो? पाच, बिघडली तर दुरुस्ती कुठे, आपल्या तालुक्यात, अकोल्याला, छत्रपती संभाजीनगरला की त्याहून लांब? सहा, वर्षाची एकूण बेरीज किती, आणि ती आपल्या घरातल्या कोणत्या मिळकतीतून जाणार?

हे प्रश्न गेमच्या यंत्रालाच नाहीत. घरगुती गिरणी, शिलाई मशीनची मोटार, फ्रीज, मोबाइल, सगळ्यांना लागू पडतात.

आणि घरात जेव्हा ही मागणी येईल, तेव्हा मुलांना रागावून गप्प करू नका, त्यांनाच हिशेबाला बसवा. त्यांना या वस्तूंची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते. मुलगा-मुलगी दोघांनाही सांगा, हे सहा प्रश्न घ्या, दुकानात फोन करा, बेरीज करून आणा. कदाचित ते म्हणतील, आई, यंदा नको, आधी दोन हंगाम पैसे साठवू. कदाचित म्हणतील, जुनं यंत्र चकतीसकट मिळतंय, ते बघू. कदाचित बेरीज परवडणारी निघेल आणि तुम्ही ते आनंदाने घ्याल. तिन्ही निर्णय चांगले, कारण तिन्ही पूर्ण किंमत बघून घेतलेले.

पुढच्या बैठकीत हा सहा प्रश्नांचा कागद वहीत चिकटवा. वाचता न येणाऱ्या ताईंना तो मोठ्याने वाचून दाखवा. गटातल्या एखाद्या वस्तूची बेरीज तुम्ही केली, आणि खोक्यावरची किंमत नि घरातली किंमत यांत किती फरक निघाला, ते आम्हाला जरूर कळवा. इतर गटांनाही त्याचा उपयोग होईल.

आज इथेच थांबते. नमस्कार.